खेजडी, अरडू आणि छाटणीचा कोयता

जयपूर जिल्ह्यात नोव्हेंबरच्या मध्यास खेजडीच्या छाटणीला आरंभ होतो. खेजडी म्हणजे महाराष्ट्रातील शमी किंवा सौंदड. राजस्थानने १९८३ मध्ये तिला राज्यवृक्षाचा दर्जा दिला. छाटलेल्या फांद्या शेतातच वाळवतात व झोडपून त्यांचा पाला वेगळा करतात. ‘लूंग’ या नावाने ओळखला जाणारा हा पाला शेळ्या-मेंढ्यांची आणि उंटांची कोरड्या दिवसांतील वैरण होय. काटेरी डहाळ्या कुंपणाला व जळणाला जातात. याच परिसरात बांधांवर अरडू उभा असतो. आपल्याकडे त्यास महारूख म्हणतात. त्याच्या पाल्यासाठीही फांद्या नियमित तोडल्या जातात. टोंक जिल्ह्यातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मेंढ्यांच्या आहारातील अरडूच्या पाल्याचा अभ्यास केलेला आहे.

एकाच शेतातील या दोन झाडांवर एकच कोयता चालविला जातो, आणि बिघाड तेथेच होतो. खेजडीचे लाकूड घट्ट व जड, तर अरडूचे मऊ, हलके, आगकाडी आणि खोक्यांसाठी वापरले जाणारे. घट्ट लाकडावर पातळ पाते आदळले की धार वळते किंवा तिचा कपरा उडतो. उलट जाड पाचरीसारखे पाते मऊ फांदीत शिरताना तिला कापण्याऐवजी चेचते. फांदी फाटते आणि सालीची पट्टी खोडापर्यंत सोलून निघते. स्वच्छ कापलेली जखम कडेने साल वाढून मिटत जाते. चेचलेल्या जखमेत मात्र पाणी साचते, कूज धरते आणि पुढील फुटवा त्याच जागी अशक्त येतो.

खेजडीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. राजस्थानच्या अनेक भागांत खेजडीची झाडे वाळत असल्याचे दिसून आले आहे. मूळ पोखरणारा भुंगेरा आणि गॅनोडर्मा बुरशी यांचा या मरीशी संबंध आढळला असून, दरवर्षी शेंडा न राखता केलेली संपूर्ण छाटणी झाडाला दुबळे करते, असे मानले जाते. सगळा विस्तार उतरविल्यास त्या वर्षी पाला भरपूर मिळतो. पण शेंगा, म्हणजे बाजारात चांगला भाव मिळविणारी सांगरी, जवळजवळ हाती लागत नाही. अवजार कितीही उत्तम असले तरी कोठे थांबावे हे ते सांगत नाही. वरचा तिसरा हिस्सा राखणे हे छाटणाऱ्याचेच काम.

खेजडीसाठी पाठीशी ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे, टोकाकडे किंचित रुंद व जड होत जाणारे पाते योग्य ठरते. वजन पुढे असल्याने घाव आपल्या भाराने बसतो आणि मनगटावर ताण कमी येतो. लांबी २५ ते ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. झाडावर बसून घाव घालताना लांब पाते शेजारच्या फांदीत अडकते. अरडूसाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, लांब उताराच्या धारेचे पाते पुरते. महाराष्ट्रातील ऊसतोडीचा कोयता याच जातीचा, पातळ आणि हलका. दिवसभरात हजारो घाव घालायचे असल्याने तो तसाच असावा लागतो. मात्र त्याच कोयत्याने बाभूळ किंवा शमी तोडण्याचा मोह आवरावा. फांदी मनगटापेक्षा जाड असेल तर कोणताही कोयता बाजूला ठेवून करवत घ्यावी.

जाडी आणि लांबी डोळ्यांना दिसते. पोलाद दिसत नाही. जयपूरच्या रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांची कुटुंबे भाता व ऐरण मांडून बसलेली आढळतात. चितोड पडल्यानंतर गड परत मिळेपर्यंत घर न बांधण्याची प्रतिज्ञा आपल्या पूर्वजांनी केली, अशी या समाजाची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. महाराष्ट्रातील घिसाडी समाजही आपले मूळ राजपुतान्याशी जोडतो, आणि दोघांच्या कामाची रीत पुष्कळशी सारखी आहे. त्यामुळे पुढील कसोट्या जयपूरइतक्याच बीड वा जालन्याच्या आठवडी बाजारातही उपयोगी पडाव्यात.

या कारागिरांचा आवडता कच्चा माल म्हणजे मोटारीचे जुने कमानपट्टे. त्यांत साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. त्यामुळे पाते कडकही होते आणि झटका सोसण्याइतके चिवटही राहते. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन इतका कमी असतो की तिला पाणी देऊनही ती कडक होत नाही. तिचा कोयता दिसायला तसाच असतो, पण पहिल्या दिवशीच त्याची धार बसते. जुन्या कानशीचे पोलाद दुसऱ्या टोकाचे, फार कार्बनचे. ते उत्तम धार घेते, परंतु खेजडीच्या गाठीवर त्याचा तुकडा उडू शकतो. डोळ्यात जाणारा असा कपरा ही किरकोळ इजा नव्हे.

परीक्षा सोपी आहे. नवी कानस धारेवर हलक्या हाताने फिरवावी. ती लोण्यात शिरल्यासारखी चरत गेली तर पाते मऊ आहे. काचेवरून घसरल्यासारखी निसटली तर जास्त कडक. किंचित अडत, थोडे थोडे खात गेली तर पाते घेण्याजोगे. हीच कानस पाठीवर फिरविल्यास तेथे ती अधिक सहज चालावी. धार कडक आणि पाठ मऊ, ही चांगल्या लोहाराची खूण.

हा फरक पाणी देण्याच्या कौशल्यातून येतो. लाल झालेले पाते लोहचुंबकाला चिकटेनासे झाले की तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते. त्याहून थोडे अधिक तापवून ते विझवितात. कमानपट्ट्याचे पोलाद थंड पाण्यात एकदम बुडविल्यास तडकण्याची भीती असते. म्हणून तेल बरे. विझविलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, ते पुन्हा मंद तापवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. कोयत्यासाठी जांभळा ते निळा या टप्प्यात थांबणे हितावह. घाईत ही दुसरी आच टाळली जाते. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजून समोर काम करून घ्यावे.

पुढे विजेच्या चाकावर धार लावताना हेच ज्ञान उलट्या बाजूने उपयोगी पडते. धारेवर निळी झाक उमटली की तेथील कडकपणा गेला. मग पाते लोहाराकडून पुन्हा शेवटून घ्यावे लागते. ओला दगड सावकाश काम करतो, पण पाणी उतरवीत नाही.

अपघातांचे मूळ बहुधा मुठीत असते. पात्याचे मुठीत जाणारे शेपूट आखूड असेल तर लाकूड सुकताच ते ढिले होते आणि ऐन घावात पाते निसटते. शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत जाऊन तेथे ठोकून वळविलेले असावे, किंवा पात्याच्याच पूर्ण रुंदीवर दोन्ही बाजूंनी लाकूड बसवून रिबिटा माराव्यात. मूठ शिसवी किंवा बाभळीची, लंबगोल असावी. गोल मूठ घामट हातात फिरते. मुठीचे टोक थोडे फुगीर हवे.

फांदी तोडताना आधी खालून एक घाव घालून साल तोडावी, नंतर वरून तोडावे. फांदी आपल्या भाराने कोसळताना साल ओढून नेत नाही. झाडावर चढताना कोयता हातात किंवा दातांत धरू नये. कोकणातील माडावर चढणारे कमरेच्या आकडीत कोयता अडकवतात. खेजडीवर चढणाऱ्याला तीच सोय चामड्याच्या म्यानाने साधता येते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतून केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. मात्र ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची इतर हत्यारे नियमांच्या कक्षेत येतात. शेतीचा कोयता लांबीने या मापांत सहज बसतो, म्हणून त्याचा उपयोग दिसून येणे महत्त्वाचे. शहरातून विकत आणताना तो गोणपाटात गुंडाळून, शक्यतो पावतीसह आणावा. दुचाकीच्या हँडलला उघडा लटकवू नये.