कातकामासाठी लाकडाची निवड (घोडबंदर रोड परिसर)

लाकडाचा तुकडा लेथवर (कातयंत्रावर) फिरता ठेवून धारदार हत्याराने त्याला गोलाकार देण्याच्या कलेला कातकाम म्हणतात. हे काम करणाऱ्या कारागिराला कातारी असे नाव आहे. लाटणे, रवी, भोवरा, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, झाकणाच्या डब्या आणि लाकडी खेळणी या कातकामातून तयार होणाऱ्या परिचित वस्तू आहेत. याच्या जोडीला कुऱ्हाड, कोयता आणि वाकस यांनी हत्यारांचे दांडे, मुसळे, टोपल्या इत्यादी घडवण्याची वनालगतच्या वस्त्यांतील हस्तकला येते. दोन्ही कलांत लाकडाची निवड हा पहिला आणि निर्णायक टप्पा असतो. सर्वांत महाग किंवा सर्वांत कठीण लाकूड हे सर्वांत योग्य लाकूड नसते. वस्तूचा उपयोग, लाकडाचे गुणधर्म, स्थानिक हवामान आणि लाकूड मिळण्याचा कायदेशीर मार्ग या चार बाबींचा मेळ घालून निवड करावी लागते.

परिसर

घोडबंदर रोड हा ठाणे शहरातील माजिवडा, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख या भागांतून घोडबंदर गावाकडे जाणारा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला येऊरच्या डोंगरासह संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, तर दुसऱ्या बाजूला उल्हास नदीची खाडी आणि कांदळवन आहे. या पानझडी जंगलात साग, ऐन, खैर, शिवण, पांगारा, काटेसावर, पळस, कुडा असे वृक्ष आढळतात. रस्त्यालगतच्या नागरी वस्तीत वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, आंबा, जांभूळ आणि चिंच ही झाडे दिसतात. कातकामाच्या दृष्टीने उत्तम मानली जाणारी अनेक लाकडे या पट्ट्यात उभी आहेत. मात्र त्यांपैकी जंगल आणि कांदळवनातील लाकूड संरक्षित असल्याने वापरासाठी उपलब्ध नाही.

लाकडाचे गुणधर्म

खोडाच्या मध्यभागी असलेल्या गडद लाकडाला अंतःकाष्ठ आणि सालीलगतच्या फिकट भागाला रसकाष्ठ म्हणतात. अंतःकाष्ठात राळ, टॅनिन आदी द्रव्ये साठलेली असल्याने ते टिकाऊ असते. रसकाष्ठात पिष्टमय द्रव्ये असतात, त्यामुळे भुंगेरे आणि बुरशी त्यावर लवकर हल्ला करतात. सागाच्या अंतःकाष्ठाला वाळवी सहसा लागत नाही. त्याच झाडाच्या रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते. त्यामुळे लाकडाच्या जातीइतकाच तुकडा खोडाच्या कोणत्या भागातील आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कातकामासाठी बारीक आणि एकसारखा पोत असलेले लाकूड सोयीचे असते. हेद आणि काळा कुडा यांच्या लाकडातील वाहिन्या सूक्ष्म व सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असल्यामुळे त्यांवर नाजूक कंगोरे स्वच्छ उमटतात. मोठ्या वाहिन्या असलेल्या भरड लाकडावर असे कंगोरे तुटतात. त्यातून साधे, मोठे आकार चांगले येतात. सागाचा पोत मध्यम भरड असून त्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर बोथट होते.

तंतूंची दिशाही तितकीच महत्त्वाची असते. लाटणे, भोवरा किंवा खांब यांत तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात. अशा वस्तू कातताना हत्यार मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे नेतात. उथळ वाडग्यात तंतू सहसा अक्षाला आडवे असतात आणि प्रत्येक फेरीत दोनदा हत्यारासमोर तंतूंची उघडी टोके येतात. तेथे तंतू उपटले जाऊ नयेत म्हणून वाडग्याच्या बाहेरील बाजूस बुडाकडून कडेकडे, तर आतील बाजूस कडेकडून बुडाकडे काततात.

ओलावा व वाळवण

ताज्या तोडलेल्या लाकडात पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत पाणी असते. पोकळीतील पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर भिंतीतील पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, तर वलयांच्या कडेने होणारे आकसणे केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असते. म्हणून ओल्या लाकडातून काढलेली गोल डबी वाळल्यावर अंडाकृती होते आणि गाभा मध्यभागी ठेवलेला ओंडका सहसा तडकतो.

लाकूड हवेतील आर्द्रतेशी समतोल साधत राहते. २७ अंश सेल्सियस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना लाकडातील ओलावा सुमारे ११ टक्क्यांवर, तर ८५ टक्के असताना १७ ते १८ टक्क्यांवर स्थिरावतो. खाडीकाठच्या ठाण्यात कोरडे महिने आणि पावसाळा यांत साधारण एवढे अंतर पडते. १०० मिलिमीटर व्यासाची सागाची डबी या फरकाने एका दिशेत सुमारे १ मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेत त्याच्या निम्मी फुगते. त्यामुळे उन्हाळ्यात घट्ट बसवलेले झाकण जुलैमध्ये अडकते. अशा हवामानात झाकणाला थोडी मोकळीक ठेवणे आणि कमी आकसणारे लाकूड निवडणे हे दोन्ही उपाय उपयोगी पडतात.

वाळवणासाठी ओंडका गाभ्यातून उभा चिरतात, कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावतात आणि फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत हवेशीर रचतात. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जात असल्याने ती बंद न केल्यास तडे तेथूनच सुरू होतात. मोठी वाडगी दोन टप्प्यांत करण्याची पद्धत जगभर रूढ आहे. ओल्या लाकडातून व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाएवढी जाड भिंत ठेवून प्राथमिक आकार काढतात, तो काही महिने सावकाश वाळू देतात आणि नंतर अंतिम आकार देतात.

प्रमुख लाकडे

पुढील घनता वाळलेल्या लाकडाच्या असून त्या अंदाजे आहेत. झाडाचे वय आणि वाढीची जागा यांनुसार त्यांत फरक पडतो.

* पांगारा: घनता प्रति घनमीटर सुमारे ३०० किलो. अतिशय हलके, मऊ व फिकट लाकूड. रंग चांगला धरते, पण टिकाऊ नसते. खेळणी व शोभेच्या वस्तूंसाठी उपयुक्त.
* शिवण: सुमारे ५०० किलो. फिकट, मध्यम हलके, कमी आकसणारे. खेळणी, कोरीव काम व वाद्यांचे भाग यांसाठी उत्तम.
* साग: सुमारे ६५० किलो. मिती टिकवून ठेवणारे, तेलकट व टिकाऊ. खांब, पाय व डब्यांसाठी उपयुक्त.
* आंबा: सुमारे ६५० किलो. सहज उपलब्ध, पण किडीला बळी पडणारे. वाळवण त्वरित करावे लागते.
* हेद: सुमारे ७०० किलो. पिवळसर, बारीक पोताचे. कापड गिरण्यांतील बॉबिनसाठी हे लाकूड प्रसिद्ध होते.
* बाभूळ: सुमारे ८०० किलो. चिवट व कठीण. शेतीची अवजारे, गाडीचे भाग व लाटणे यांसाठी वापर.
* शिसवी: सुमारे ८५० किलो. गडद जांभळट तपकिरी, उत्तम झिलई घेणारे, महाग.
* चिंच: सुमारे ९०० किलो. अंतःकाष्ठ अत्यंत कठीण. घाणे, मोगऱ्या व खाटकाचे ठोकळे यांसाठी वापर.
* खैर: सुमारे १,००० किलो. मुसळ व तबल्याचे खोड यांसाठी योग्य; कातण्यास कष्टाचे.

नागरी झाडांपैकी वर्षावृक्षाचे लाकूड विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे अंतःकाष्ठ गडद तपकिरी असून ते वाळताना फार कमी आकसते, म्हणून ओल्या लाकडातून काढलेले वाडगेही फारसे वाकडे होत नाही. हवाई बेटे आणि फिलिपिन्स येथे याच झाडाच्या लाकडी वाडग्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. मुंबई परिसरात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावामुळे अनेक वर्षावृक्ष वाळले आहेत. गुलमोहराचे लाकूड मात्र मऊ व लवकर कुजणारे असून कातकामाला क्वचितच उपयोगी पडते.

सावंतवाडीचे उदाहरण

वस्तूला साजेसे लाकूड निवडण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे सावंतवाडीची लाकडी खेळणी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या गावात लाखकाम व गंजिफा रंगवण्याच्या कलेला सावंत-भोसले संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि चितार आळी ही या कारागिरांची व विक्रेत्यांची वस्ती प्रसिद्ध झाली. येथील रंगीत फळे-भाज्यांसाठी पांगारा वापरण्याची परंपरा आहे. खेळण्यावर मोठा भार येत नसतो, ते उन्हापावसात राहत नसते आणि त्याचा पृष्ठभाग रंगाने झाकला जातो. त्यामुळे पांगाऱ्याचा मऊपणा हा दोष न राहता गुण ठरतो. पेरू किंवा टोमॅटो यांसारखे गोल आकार लेथवर उतरतात. केळ्यासारखे वक्र आकार हाताने घडवावे लागतात.

कोकणात पांगारा कुंपणाला आणि मिरीच्या वेलाच्या आधाराला लावला जातो, त्यामुळे जंगल न तोडता त्याचे लाकूड मिळू शकते. मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पानांवर गाठी निर्माण करणारी पांगाऱ्याची गांधीलमाशी दक्षिण भारतात पोहोचली आणि या झाडांना मोठा उपद्रव झाला. शिवण व आंबा हे पर्याय वापरता येतात. पण त्यांचे वजन जास्त असल्याने आकार व भिंतीची जाडी बदलावी लागते. कर्नाटकातील चन्नपट्टण व आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथे हीच जागा काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) या बारीक पोताच्या पांढऱ्या लाकडाने घेतली आहे. तेथे फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि नंतर केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात.

वनालगतची हस्तकला

येऊर व ठाणे जिल्ह्यातील वारली आणि अन्य आदिवासी पाड्यांवर लाकडाची निवड अनुभवजन्य ज्ञानावर आधारलेली आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला कठीणपणापेक्षा लवचीकपणा लागतो, कारण प्रत्येक घावाचा धक्का दांड्याने शोषायचा असतो. म्हणून धामण पसंत केली जाते. दांडा करवतीने न कापता तंतूंच्या रेषेत फोडून काढल्यास तंतू अखंड राहतात आणि दांडा अवचित मोडत नाही. नांगर व जू यांना बाभूळ किंवा तिवस, तर मुसळाला जड खैर वापरतात. ऐनाच्या फांद्या भातरोपांच्या राबासाठी छाटण्याची प्रथाही ठाणे जिल्ह्यात जुनी आहे. छाटलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटतात आणि मूळ वृक्ष जिवंत राहतो.

टोपल्या, सुपे व इरली यांसाठी बांबू वापरतात. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असल्याने त्याला भुंगेरा लवकर लागतो. म्हणून किमान तीन वर्षांचे बांबू पावसाळा संपल्यावर तोडतात.

लाकूड मिळवण्याचे मार्ग व कायदा

राष्ट्रीय उद्यानातून लाकूड काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. वाळलेले किंवा पडलेले झाडही त्याला अपवाद नाही. खाडीकाठच्या कांदळवनालाही संरक्षण आहे. वन हक्क कायदा, २००६ ने पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजांवर हक्क दिला असून त्यात बांबूचा समावेश होतो, इमारती लाकडाचा होत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यानुसार खासगी आवारातील झाड तोडण्यासही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आणली. साग, खैर, आंबा, चिंच, फणस, मोह आदी अनुसूचित वृक्षांच्या तोडीचे नियमन १९६४ चा स्वतंत्र कायदा करतो. शिसवी व शिसम ज्या डाल्बर्जिया प्रजातीत येतात, ती प्रजाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जानेवारी २०१७ पासून असल्याने त्यांच्या वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

या चौकटीत कारागिरासाठी तीन मार्ग उरतात: परवानाधारक वखारीतून पावतीसह घेतलेले लाकूड, पाडलेल्या जुन्या घरांतील साग, आणि परवानगीने छाटलेल्या किंवा पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या नागरी झाडांचे रीतसर घेतलेले लाकूड. जुना साग वर्षानुवर्षे वाळलेला असल्याने स्थिर असतो. त्यातील खिळे लेथवर चढवण्यापूर्वी चुंबकाने शोधून काढणे आवश्यक असते. नागरी ओंडक्यांतही खिळे व तारा सापडतात.

आरोग्य व सुरक्षितता

लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केले आहे. त्यामुळे मुखपट्टी व धूळ ओढून घेणारी व्यवस्था वापरली जाते. सागाच्या व शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ येते. कांदळवनातील गेवा या झाडाच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. कण्हेर व काजरा ही झाडे विषारी असल्याने त्यांच्या लाकडाची भांडी किंवा खेळणी करत नाहीत. मुले खेळणी तोंडात घालतात. म्हणून शिसेयुक्त रंग टाळणे लाकडाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेसाठी २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे.

लेथचा वेग वस्तूच्या व्यासानुसार ठरवतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या तुकड्याला मिनिटाला १,५०० फेऱ्या दिल्यास कडेचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर होतो. ३० सेंटिमीटरच्या तुकड्याला तेवढ्याच फेऱ्या दिल्यास तो २४ मीटरच्या जवळ जातो. तडा गेलेले किंवा कुजलेले लाकूड अशा वेगात फुटून उडू शकते, म्हणून ते लेथवर चढवत नाहीत.