टाचेच्या भेगा की तळपायाचा सोरायसिस?

छत्रपती संभाजीनगरात कुणाच्या टाचा फुटल्या की कारण शोधावं लागत नाही. ऊन, धूळ, बोअरचं जड पाणी, नाहीतर ‘अंगात उष्णता फार झालीय’. मग कोकमाचं तेल लावायचं, वजरीनं घासायचं. बहुतेकांच्या भेगा एवढ्यानं भरतात. ज्यांच्या पावसाळ्यातही भरत नाहीत, त्यांनी पाय एकदा नीट उजेडात बघावा.

साध्या भेगा टाचेच्या कडेला असतात. सोरायसिस तळव्याच्या मधल्या खोलगट भागावरही येतो, बहुधा दोन्ही पायांना. लालसर, जाड चट्टा, त्यावर पांढरट-पिवळट पापुद्रे आणि चट्ट्याची कड बोट फिरवून सांगता येईल इतकी ठळक. भेगा खोल असतात, चालताना रक्त येतं. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात का तेही पाहा. कोपर, गुडघे, कानामागची जागा आणि डोक्यातला ‘न जाणारा कोंडा’ही तपासा. आजाराचा पुरावा पुष्कळदा पायापासून लांब सापडतो.

‘हा नायटाच आहे, ट्यूब लावली की जाईल.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. बुरशीचा संसर्ग बहुधा बोटांच्या बेचक्यात सुरू होतो आणि अनेकदा एकाच पायाला असतो. पण नुसत्या नजरेनं तज्ज्ञही कधी कधी फसतात. म्हणून पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. ती न करता मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. बुरशी असेल तर स्टेरॉइडमुळे ती दबून पसरते. सोरायसिस असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि ट्यूब थांबली की चट्टा परत येतो. केंद्र सरकारनं 2018 मध्ये 14 प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली ती याच गैरवापरामुळे. तरीही ‘तीच ट्यूब द्या’ म्हणणारे आपणच असतो.

‘दुसऱ्याला लागतो.’ अजिबात नाही. एकाच बादलीतलं पाणी, एकच चप्पल, एकच अंथरूण, कशानंही नाही. सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार आहे. एरवी महिनाभरात तयार होणारी त्वचा इथे चार-पाच दिवसांत वर येते आणि पापुद्रे साचतात. काहींच्या तळव्यावर पिवळे पुवाचे फोड येतात. त्या पुवात जंतू नसतात, तेव्हा सुईनं फोडू नयेत. या प्रकाराचा बिडी-सिगारेटशी घट्ट संबंध आहे. घरात सून नाहीतर सासू आपले पाय लपवत वावरते, कुणी तिची चादर वेगळी करतं, हे थांबायलाच हवं. आजारापेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.

‘घासून काढलं की मूळ निघतं.’ उलट होतं. सोरायसिस असलेल्याची त्वचा जिथे घासली किंवा कापली जाते, तिथेच साधारण दहा ते वीस दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला आपल्याकडून हजारो लोक पायी जातात, काही अनवाणी. श्रद्धेला हात लावायचा नाही, पण अनवाणी चालण्यानंही तळवा घासला जातो, म्हणून तिथे सोरायसिस असणाऱ्यानं मऊ तळाची पादत्राणं घालूनच चालावं. वजरी आणि ब्लेड तर कायमचं बाजूला ठेवावं.

‘यावर इलाजच नाही.’ कायमचा बरा होत नाही, हे खरं. पण चट्टे पूर्ण जाऊन महिनोन्‌महिने पाय स्वच्छ राहू शकतात. सुरुवात साधी असते: रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टिपून कोरडे, लगेच युरियाचं मलम किंवा पेट्रोलियम जेली, रात्री सुती मोजे. तळव्याची कातडी जाड असल्यानं डॉक्टर सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि तीव्र स्टेरॉइड मलम काही आठवड्यांपुरतं देतात. त्यानं भागलं नाही तर अतिनील प्रकाशाचे उपचार आणि मग गोळ्या. मधुमेह असेल तर तो आधी सांगावा, कारण पायाची जखम चिघळते.

या गोळ्यांपैकी मेथोट्रेक्सेटची गोळी सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्यावर चिकटवा. यकृत आणि रक्ताच्या तपासण्या टाळू नका, दारू बंद ठेवा. ही गोळी गरोदरपणात चालत नाही. आणि नाव नसलेली ‘जडीबुटीची’ पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि ते एकदम थांबलं की आजार अंगभर उसळतो.

वांगं, आंबट, मासे सोडल्यानं सोरायसिस जातो याला आधार नाही. वजन उतरवणं, दारू-तंबाखू सोडणं याचा मात्र उपयोग होतो.

शहरातल्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तिथे जाल तेव्हा फक्त तळवा दाखवून उठू नका. सकाळी टाच दुखते का, बोट सुजलंय का, सांधे आखडतात का, हेही सांगा. सोरायसिसच्या काही रुग्णांना सांध्यांचा विकार होतो. टाचेच्या त्या दुखण्याला लोक ‘चालणं फार झालं’ म्हणून सोडून देतात, आणि उशीर झाला की झिजलेला सांधा औषधानं परत येत नाही.