फायबर तुटली, एकाच कॉम्प्युटरवर नेट आहे. बाकीच्यांना का मिळत नाही?

अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत ज्यांचं वर्कशॉप आहे, त्यांना हे नवीन नाही. रस्त्याचं खोदकाम निघतं, फायबर तुटते आणि ऑफिसचं नेट बंद पडतं. नेमका त्याच दिवशी महिन्याच्या २० तारखेचा जीएसटीआर-३बी भरायचा असतो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी व्याज वेगळं.

अशा वेळी आपण काय करतो? अकाउंट्सच्या कॉम्प्युटरला यूएसबीने मोबाईल जोडतो आणि तिथे नेट सुरू करतो. मग वाटतं, हेच नेट स्विचवरून बाकीच्या चार कॉम्प्युटरना देऊ. शेअरिंगची टिक करतो, पण बाकीचे कॉम्प्युटर काही चालत नाहीत. व्हिडिओत सेटिंग कसं करायचं ते दाखवलंय. इथे बघू, सेटिंग करूनही नेट येत नसेल तर कुठे शोधायचं.

त्याआधी एक सल्ला. गाडी गेटवर उभी असेल तर आधी ई-वे बिल मोबाईलच्या ब्राउझरवरून काढा. राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ते लागतंच. गाडी रवाना करा, मग शांतपणे दुरुस्तीला बसा.

हे चालतं कसं?

विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. ज्या कॉम्प्युटरवर नेट आलंय तो झाला गेटवे. त्याला दोन बाजू लागतात: एकीकडे मोबाईल, दुसरीकडे स्विचला गेलेली लॅन केबल.

कंपनीच्या गेटवर आवक-जावक रजिस्टर असतं ना, गेटवेचं काम तसंच. आतल्या कॉम्प्युटरने काही मागितलं की तो नोंद करतो आणि स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो. शिवाय आतल्या प्रत्येकाला आयपी नंबर वाटायचं कामही तोच करतो. आत्ताच्या विंडोजमध्ये गेटवेचा स्वतःचा लॅन नंबर १९२.१६८.१३७.१ होतो. हा नंबर लक्षात ठेवा, पुढची निम्मी तपासणी त्यावरच आहे.

पायरी १: गेटवेवर नेट आहे का?

साधी गोष्ट, पण गडबडीत राहून जाते. गेटवेवर जीएसटी पोर्टल उघडून बघा. तिथेच उघडत नसेल तर बाकीच्यांकडे जाऊ नका. मोबाईलचा डेटा आणि यूएसबी टेदरिंग तपासा.

पायरी २: टिक योग्य जागी आहे का?

नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडा. शेअरिंगची टिक नेट येणाऱ्या कनेक्शनवर, म्हणजे मोबाईलच्या अडॅप्टरवर हवी. खालच्या यादीत लॅन निवडायचं. बरेच जण उलटं करतात.

अजून एक गंमत आहे. मोबाईल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की विंडोज कधीकधी नवाच अडॅप्टर बनवतो. टिक जुन्यावर राहते आणि नेट नव्यावर येतं. म्हणून पोर्ट ठरवून ठेवा, त्यावर मार्करने खूण करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर शेअरिंग बंद पडलं असेल तर टिक काढून पुन्हा लावा.

पायरी ३: दुसऱ्या कॉम्प्युटरचा आयपी बघा

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा. तीनपैकी एक उत्तर दिसेल.

१९२.१६८.१३७ ने सुरू होणारा नंबर: उत्तम, पुढच्या पायरीला जा.

१६९.२५४ ने सुरू होणारा नंबर: याला कोणीच नंबर दिलेला नाही, म्हणून याने स्वतःच एक घेतलाय. केबल, स्विचचा दिवा आणि गेटवेवरचं शेअरिंग तपासा. गेटवेवर अँटिव्हायरसचा वेगळा फायरवॉल असेल तर तोही अडवत असू शकतो.

१९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होणारा नंबर: हा तुमच्या जुन्या राउटरने दिलाय! फायबर तुटली तरी राउटर चालूच आहे आणि नंबर वाटतोच आहे. कॉम्प्युटर त्याच्याकडे नेट मागतात, आणि त्याच्याकडे तर नेटच नाही. एका ऑफिसात दोघे जण नंबर वाटायला बसले की हा गोंधळ होणारच. राउटरची केबल स्विचमधून काढा. राउटरच स्विचचं काम करत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा. मग प्रत्येक कॉम्प्युटरची लॅन केबल काढून दहा सेकंदांनी परत लावा. एवढं करूनही तोच नंबर दिसला, तर तो हाताने टाकलेला आहे. आधी कागदावर लिहून घ्या आणि मग ऑटोमॅटिक करा.

पायरी ४: पिंग करा

आधी १९२.१६८.१३७.१ ला, मग ८.८.८.८ ला. गेटवेचा फायरवॉल कधीकधी पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे पहिलं फेल गेलं तरी दुसरं करून बघाच. ८.८.८.८ कडून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, म्हणजे रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता सापडत नाहीये. त्या कॉम्प्युटरवर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाका. तरीही ब्राउझर अडला तर जुनी प्रॉक्सी राहिली आहे का ते बघा.

नेट आलं, पण टॅली आणि प्रिंटर गेला?

नंबर बदलले की हे होतं. प्रिंटरला १९२.१६८.१ मधला पक्का नंबर असेल तर नव्या नंबरचे कॉम्प्युटर त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तेवढ्यापुरता प्रिंटर यूएसबीने जोडा. टॅलीचा डेटा आयपी नंबर देऊन जोडला असेल तर तोही सापडणार नाही. त्याऐवजी कॉम्प्युटरचं नाव देऊन जोडा, म्हणजे पुढच्या वेळी अडणार नाही.

डेटा सांभाळा

पाच कॉम्प्युटर एका सिमवर आले की विंडोज अपडेट दुपारपर्यंत डेटा संपवू शकतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर हे कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा. कॅमेऱ्याचा डीव्हीआर नेटवरून काढा. आणि गेटवेचं स्लीप बंद करा. तो झोपला की सगळ्यांचं नेट गेलं!

फायबर आल्यावर

क्रम पाळा. आधी गेटवेवरची टिक काढा, मोबाईल काढा, त्याचा लॅन आयपी ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा. राउटरचं डीएचसीपी बंद केलं असेल तर चालू करा, मगच राउटर परत जोडा. हाताने बदललेले आयपी आणि डीएनएस कागद बघून पूर्ववत करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी फायबर चालू आणि ऑफिस बंद, अशी गत होईल.

या पायऱ्या एका कागदावर लिहून स्विचशेजारी चिकटवा. आणि एखाद्या शनिवारी दुपारी, काम नसताना, राउटरची केबल मुद्दाम काढून सगळा सराव एकदा करून बघा. २० तारखेला तुम्ही बाहेर असलात तरी ऑफिसातलं कोणीही रिटर्न भरू शकेल.