पटावरचे राजे – लेखांक ११ : अडलेला डाव

फाशांच्या दानांचा हिशेब या खेपेस मांडण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या आठवड्यात पेणहून एका वाचकाचे पत्र आले आणि त्यातली शंका विषयाच्या इतक्या गाभ्याची निघाली की, लेखाच्या शेवटी दोन ओळी खरडून तिची बोळवण करणे मला प्रशस्त वाटले नाही. फासे पुढच्या आठवड्यावर गेले, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

पत्रलेखक आणि त्यांचे तीन स्नेही या लेखमालेत दिलेल्या नियमांबरहुकूम रविवारी दुपारी चतुराजीचा, म्हणजे फाशांनी खेळावयाच्या चौघांच्या बुद्धिबळाचा, पट मांडतात. आरंभी डाव झपाट्याने चालतो, एखादी नौका पडते, दोनचार प्यादी कामास येतात. आणि पुढे चौघेही आपापल्या कोपऱ्यात मोहरी आवळून बसतात, दान पडेल तसा राजा एक घर पुढे जातो नि एक घर मागे येतो, आणि दिवेलागणीला पट तसाच उचलावा लागतो. दोघांच्या बुद्धिबळात बहुधा कोणीतरी जिंकतो, मग चौघांच्या खेळातच ही कोंडी वारंवार का व्हावी, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या अखेरीस एक वाक्य त्यांनी सहज म्हणून घातले आहे : 'आम्ही अर्थातच काही पण लावून खेळत नाही.' या वाक्याकडे मी शेवटी वळणार आहे.

प्रथम पट पाहू. पूर्वेस लाल, दक्षिणेस हिरवा, पश्चिमेस पिवळा, उत्तरेस काळा. समोरासमोरचे ते मित्र, शेजारचे ते शत्रू. समजा, लालाच्या हत्तीने हिरव्याची नौका मारली. हिरव्याचे नुकसान झाले खरे, पण त्या नुकसानीचा लाभ लालाइतकाच इतरांच्याही पदरात पडला, कारण हिरवा आता सर्वांनाच कमी घातक झाला. उलट, स्वारीचा खर्च मात्र एकट्या लालावर पडला, कारण हत्ती कोपऱ्याबाहेर निघाल्याबरोबर त्याच्या राजाची एक बाजू उघडी पडली आणि तिकडे काळ्याचा घोडा टपलेलाच आहे. अशा वेळी पिवळ्याने मित्राच्या मदतीस धावावे हा धर्म. परंतु रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वा'तील नियमाप्रमाणे मित्राचे सिंहासन जो व्यापतो त्याच्याकडे दोन्ही सैन्यांचा अंमल येतो, आणि म्हणून लाल जितका दुबळा होईल तितका पिवळ्याला त्याच्या रक्षणापेक्षा त्याच्या आसनाचा मोह अधिक वाटू लागतो. हे सारे चौघांनाही दिसत असते, आणि दिसत असते म्हणूनच कोणी हलत नाही. दोघांच्या डावात एकाची हानी तोच दुसऱ्याचा लाभ असतो. चौघांच्या डावात लाभ वाटला जातो आणि खर्च वाटला जात नाही. कोंडीचे मूळ कारण, माझ्या मते, एवढेच आहे.

ही गोष्ट आपल्याकडील राजनीतिज्ञांना पूर्ण अवगत होती. कौटिल्याने षाड्गुण्यात संधी, विग्रह, यान, संश्रय आणि द्वैधीभाव यांच्या पंक्तीत 'आसन' हा स्वतंत्र गुण मानला आहे : शत्रू मला मारू शकत नाही आणि मी शत्रूला मारू शकत नाही, अशी राजाची खात्री पटली म्हणजे त्याने स्वस्थ बसावे. परंतु हे स्वस्थ बसणे म्हणजे निष्क्रियता नव्हे. बसल्या काळात दुर्ग बांधावे, खाणी चालवाव्या, व्यापारी मार्ग राखावे, आणि शत्रूच्या याच उद्योगांत व्यत्यय आणावा, असा त्याचा सारा रोख आहे. म्हणजे अडलेल्या डावात कोण पुढे सरकला हे पाहावयाचे नसते. बसल्या जागी कोण अधिक वेगाने वाढतो आहे, हे पाहावयाचे असते.

याचा दाखला शोधण्यासाठी पेण-रोह्याच्या वाचकाला फार लांब जावे लागत नाही, कारण इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत हाच आपला किनारा असा एक पट होऊन बसला होता. घाटमाथा आणि त्यापलीकडचा देश सातवाहनांचा; उत्तरेकडे भडोचचे बंदर हाती धरून बसलेले क्षहरात क्षत्रप; समुद्रातून मोसमी वाऱ्यांबरोबर येणारी यवनांची गलबते; आणि मध्ये आपली ही अरुंद पट्टी. बंदर हाती नसेल तर घाटाने उतरलेला माल कुजतो, घाट हाती नसेल तर बंदरावर माल येतच नाही. तेव्हा एकट्या बंदराने कोणाचे भागत नव्हते आणि एकट्या घाटानेही नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या बंदराची हकीकत आहे : पूर्वी ते रीतसर व्यापाराचे ठाणे होते, पुढे त्याची नाकेबंदी झाली, आणि तेथे चुकून लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. प्रतिपक्षाची जकात बुडवून आपली वाढवणे, हाच त्या आसनातला उद्योग.

ही कोंडी एकदा फुटली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात क्षत्रप नहपानाचा पाडाव केला, आणि तो किती संपूर्ण होता याची साक्ष नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नाण्यांचा साठा देतो. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ज्याने असे एखादे नाणे हाती घेऊन पाहिले असेल, त्याला नहपानाच्या मुखवट्यावरून उमटलेली सातवाहनांची खूण आणि तिच्या कडेने अजून डोकावणारी जुनी ग्रीक अक्षरे विसरता येणार नाहीत. क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे श्रेय त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेखात त्याला दिले आहे.

आणि तरीही डाव संपला नाही. रिकाम्या झालेल्या जागी चष्टनाचे कार्दमक घराणे येऊन बसले. बलश्रीचा लेख आणि चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा इ. स. १५० चा जुनागढचा लेख शेजारी शेजारी ठेवून मुलुखांच्या याद्या ताडून पाहाव्यात : सुराष्ट्र, कुकुर, अनूप, आकरावंती आणि आपला अपरांत, ही पाचही नावे दोन्ही याद्यांत आहेत. एका पिढीत जे मिळवले ते पुढच्या दोन पिढ्यांच्या आत दुसऱ्याच्या खात्यावर चढले. रुद्रदामन आणखी एक गोष्ट अभिमानाने नमूद करतो. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड्या युद्धात जिंकले, परंतु नाते जवळचे म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचे कुळ कार्दमक असल्याचा उल्लेख आहे, त्यावरून ते नाते कोणते याचा अंदाज करता येतो. नात्याचा मान राखणे हे थोरपणाचे लक्षण खरेच. पण पटावरचा विचार करणाऱ्याला येथे दुसरेही कारण दिसते. क्षहरात नाहीसे झाले तेव्हा त्यांच्या जागी अधिक बलवान वैरी आला. मग सातवाहन नाहीसे केले तर त्या जागी कोण येईल? ओळखीचा, जिंकलेला आणि सोयरा झालेला प्रतिस्पर्धी हा अनोळखी प्रतिस्पर्ध्यापेक्षा केव्हाही बरा.

या दीर्घ रस्सीखेचीत तिसऱ्याचे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर रोहेकरांनी तळ्यावरून मांदाडच्या वाटेने कुड्याची लेणी गाठावीत. माझ्या आवडीचे हे स्थळ, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. राजपुरीच्या खाडीवर डोंगराच्या कुशीत सव्वीस लेणी आहेत, आणि पहिल्याच लेण्यातील दानलेख शिवभूती नावाच्या लेखकाचा, म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचा आहे. धनी म्हणून तो नाव घेतो ते महाभोज मांदव खंडपालिताचे. सातवाहनांचे नव्हे आणि क्षत्रपांचेही नव्हे. इतर दानकर्त्यांत कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक वैद्य आहे, एक माळी आहे. घाटावरचे लोखंड खाडीपर्यंत पोहोचत होते आणि ते विकणाऱ्यापाशी लेणे कोरवण्याइतका पैसा शिल्लक राहत होता. दोन महासत्ता एकमेकींना अडवून बसल्या म्हणजे मधल्या लहान घराण्याला श्वास घेण्यास जागा मिळते, आणि त्याच्या कारकुनालाही दानधर्म सुचतो. पटावरील कोंडीला आपण वैतागतो. रयतेच्या दृष्टीने ती नेहमीच वाईट नसते.

पेणच्या वाचकासाठी पेणचाही एक दाखला देतो, तो काळाने बराच अलीकडचा आहे. १५४० साली सांकशी आणि कर्नाळा हे किल्ले गुजरातच्या सुलतानाकडे होते. अहमदनगरच्या निजामशहाची फौज चालून आली, तेव्हा किल्लेदाराने वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली. पोर्तुगीजांनी किल्ले परत मिळवले, आणि अखेरीस ते त्यांच्याच हाती आले. परंतु पोर्तुगीजांची चौलची वखार निजामशहाच्या मुलुखात, त्याच्या मर्जीवर उभी होती. सबब त्यांनी तह केला आणि वार्षिक रकमेच्या मोबदल्यात दोन्ही किल्ले निजामशहाच्या हवाली केले. जे ठाणे राखण्यापेक्षा सोडून अधिक मिळते ते सोडावे, हा हिशेब त्यांना बरोबर जमला होता.

आता पत्रातील त्या अखेरच्या वाक्याकडे येतो. कल्याणची नाकेबंदी झाली ती जकातीसाठी, सांकशी हातची सोडली ती वार्षिक रकमेसाठी. मधल्या लाभाला किंमत होती म्हणून माणसे हलत होती. 'तिथितत्त्वा'तल्या चतुराजीतही ती आहे : परक्याचे सिंहासन व्यापणाऱ्यास पण मिळतो, तेथील राजाला मारून ते व्यापल्यास दुप्पट मिळतो, आणि धरलेल्या राजांची अदलाबदलही करता येते. पेणच्या मंडळींनी पण काढून टाकला, त्यामागचा त्यांचा सद्हेतू मला मान्य आहे. पण त्याबरोबर पुढे सरसावणाऱ्याचा मोबदलाही गेला, आणि केवळ अंतिम विजय तेवढा उरला. तो चौघांपैकी कोणालाच एकट्याने परवडणारा नाही. पैसा लावू नये. प्रत्येकाने शंभर चिंचोके घेऊन बसावे, सिंहासनाचे आणि राजाच्या सुटकेचे मोल आरंभीच ठरवावे, आणि दिवेलागणीला ज्याच्यापाशी चिंचोके अधिक त्याला विजयी मानावे. माझा अदमास असा की, दुसऱ्याच रविवारी चौघांचेही हत्ती कोपऱ्याबाहेर पडतील. तसे झाले किंवा न झाले, तरी त्यांनी अवश्य कळवावे.

मोल किती ठेवावे हे मात्र कोणते दान किती वेळा पडते यावर अवलंबून आहे. तो हिशेब पुढील लेखांकात.