आजीच्या वाट्याचा केक

गेल्या वर्षी आमच्या धाकटीच्या वाढदिवसाला बेकरीतून क्रीमचा केक आणला होता. सगळ्यांनी खाल्ला. आजीने नातीच्या हातून बोटभर क्रीम चाखली आणि ती बाजूला जाऊन बसली. आजीला शुगर आहे. पोरीने ते ध्यानात ठेवले असावे, कारण यंदा आठवडाभर आधीच तिने सांगून टाकले, "केक घरीच करायचा, गूळ घालून. म्हणजे आजीला खाता येईल."

तिला खरे सांगणे आम्हाला जड गेले. शुगरवाल्याला साखर चालत नाही पण गूळ चालतो, हा समज आपल्या वस्त्यांत घरोघर आहे. गूळ हीदेखील उसाचीच साखर. रंग आणि चव वेगळी, पण रक्तातली साखर तीही वाढवते. गुळाचा केक म्हणून आजीने चार तुकडे खाल्ले असते, तर साखरेच्या केकाइतकाच त्रास झाला असता. पोरगी हिरमुसली. मग ठरले की साखरच घालायची, पण किती घालायची ते तिने मोजायचे.

आमच्याकडे ओव्हन नाही. जुना कुकर आहे. दीड वाटी गव्हाचे पीठ, पाऊण वाटी साखर, दोन अंडी, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि लागेल तसे दूध. पीठ, पावडर आणि सोडा धाकटीने दोनदा चाळले. निम्मे पीठ जमिनीवर, पण असो. साखर तिने चहाच्या चमच्याने मोजली. चोवीस चमचे! "एवढी?" ती ओरडली. केकचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात दोन चमचे, हा भागाकार तिने बोटांवर केला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यापिण्यात वरून घातलेली साखर सुमारे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. आपल्याकडे दोन-तीन कप चहातच ती भरते.

दही आणि सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे तयार होतात, त्यानेच केक फुगतो. म्हणून सगळे कालवल्यावर वेळ घालवू नये. पीठ भज्यांच्या पिठाएवढे दाट असावे. कच्चे अंडे असल्यामुळे मुलांना ते चाटू देऊ नका, आणि अंडी फोडल्यावर हात साबणाने धुवायला लावा.

कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे, हे विसरून चालणार नाही. तळाला वाटीभर जाड मीठ पसरा, वर जाळी ठेवा, पाणी घालू नका. दहा मिनिटे तापल्यावर तेल लावलेला स्टीलचा डबा आत ठेवा आणि मंद आचेवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे राहू द्या. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. ते मीठ पुढच्या केकला कामी येते, भाजीत घालू नका. पोराचे काम चाळणे, मोजणे, फेटणे एवढेच. गॅसजवळ मोठ्याने उभे राहायचे. दहा बाय बाराच्या खोलीत तर हे फारच सांभाळावे लागते. चुकून भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नका.

आणि तो फेस उडवायचा डबा, ज्याला पोरे स्नो स्प्रे म्हणतात, तो आम्ही आणलाच नाही. त्यातला वायू पेट घेऊ शकतो. मेणबत्ती जळत असताना तो तोंडावर उडवणे म्हणजे जाळाशी खेळ.

इकडे आजीने वेगळेच योजले होते. संध्याकाळी केक खायचा म्हणून दुपारी जेवायचेच नाही! शुगरची गोळी मात्र सकाळी घेतलेली. हे फार घरांत चालते आणि धोक्याचे आहे. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, चक्कर, कधी शुद्धही जाते. तसे वाटले तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. आम्ही आजीला डाळ, पालेभाजी आणि अर्धी भाकर आग्रहाने वाढली. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा, आणि केकचा तुकडा दोन बोटांएवढा. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त केली नाही.

केक मधोमध बसला होता. धाकटीने फुगलाय का बघायला दोनदा झाकण उघडले होते, त्याचा परिणाम. तिने त्या खड्ड्यात केळ्याच्या चकत्या मांडल्या, वर भाजलेल्या शेंगदाण्याचा चुरा टाकला. मैत्रिणींपैकी एकीने क्रीम कुठे आहे म्हणून विचारले. धाकटी म्हणाली, "यात चोवीस चमचे साखर आहे, मी मोजली," आणि आजीचा तुकडा आधी कापून वाटीत काढून ठेवला.