आपल्या इमारतीतून किती मास्क टाकले गेले?

२०२० साली एक आकडा जगभर फिरला. दर महिन्याला १२९ अब्ज मास्क आणि ६५ अब्ज हातमोजे वापरून फेकले जातात, असा. तो ज्यांनी काढला त्यांनी जगाचे उकिरडे उपसले नव्हते. टाळेबंदी उठल्यावर इटलीला महिन्याला १ अब्ज मास्क आणि अर्धा अब्ज हातमोजे लागतील, असा तूरिनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाचा अंदाज होता. इटलीची वस्ती ६ कोटींच्या आसपास, जगाची ७८० कोटी. शाळेतलं त्रैराशिक मांडा, १२९ अब्ज येतात. मिलानमधल्या माणसाला जेवढे मास्क, तेवढेच गडचिरोलीतल्या माणसालाही, असं त्यात धरलेलं होतं. शिवाय ‘लागतील’चं ‘फेकले जातात’ वाटेत कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत ऑगस्ट २०२१ मध्ये हाच हिशेब करायची वेळ आली. सुक्या कचऱ्यात मास्क सुटे येतात आणि ते हातानं वेगळे करावे लागतात, अशी कचरा नेणाऱ्या ताईंची रास्त तक्रार होती. ‘किती येतात?’ असं कमिटीत कुणीतरी विचारलं. एक म्हणाले मूठभर, दुसरे म्हणाले गोणीभर. मग मी वही घेतली. आपल्यालाही असा अंदाज काढायचा असेल, मग तो इमारतीचा असो की वॉर्डाचा, तर पायऱ्या याच.

आधी काय मोजायचं ते ठरवा. एकदा वापरून टाकायचा निळा मास्क, एन-९५, हातमोजे, फेसशील्ड, प्रत्येकाचा वेगळा रकाना हवा. हातमोज्यांपाशी पहिलीच चूक होते: एक म्हणजे जोडी की नग? वहीत वरच लिहून ठेवा, नाहीतर पुढे सगळं दुप्पट किंवा निम्मं होतं.

मग माणसं मोजा. ढोबळ पद्धत अशी असते: लोकसंख्या, गुणिले मास्क वापरणाऱ्यांचं प्रमाण, गुणिले रोज माणशी मास्क. आमची घरं ४८, माणसं १८०. शंभरातले ८० जण मास्क वापरतात आणि रोज एक टाकतात असं धरलं, तर दिवसाला १४४ आणि महिन्याला ४,३२० मास्क झाले. कागदावर हे फार शास्त्रीय दिसतं.

आता यातली गृहीतकं, म्हणजे न तपासता खरी धरलेली विधानं, एकेक करून हलवून बघा. १८० मधली १२ मुलं पाच वर्षांच्या आतली. त्यांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनंच सांगितलं होतं. उरलेल्यांपैकी शाळा-कॉलेजची पोरं मोबाइलसमोर बसलेली, बरेच जण घरून काम करणारे, आजी-आजोबा खाली बाकापर्यंत जाणारे. रोज खरोखर बाहेर पडणारी माणसं ७० भरली. ‘मास्क वापरता का?’ असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतील. ‘काल बाहेर गेला होतात का?’ असं विचारा.

पुढची पायरी कापडाची. हातमागाच्या, साडीच्या काठाच्या, बचत गटांनी शिवलेल्या मास्कांचं तेव्हा पीक आलं होतं. ते धुऊन पुन्हा वापरायचे. कचऱ्यात जातात ते फाटल्यावर किंवा नाडी गेल्यावर. आमच्या ७० पैकी ४० जण कापडी मास्कवाले निघाले, उरले ३०. इथे एक पाचर आहे. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं आत सर्जिकल आणि वर कापडी, असे दोन मास्क लावायला सांगितलं होतं. म्हणजे कापडी मास्कवाल्यांनाही आत निळा मास्क आहे का, हे विचारावंच लागतं. आमच्याकडे तसे दोघेच होते आणि ते ३० मध्येच धरले.

आता सगळ्यात नाजूक जागा: एक मास्क किती दिवस चालतो? पाकिटावर लिहिलेलं असतं, एकदाच वापरा. घरात काय होतं ते दाराच्या मागच्या खुंटीवर बघा. छत्री, किल्ल्या आणि त्यांच्यावर तीन मास्क. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोरीवर चिमट्यांनी मास्क अडकवले होते आणि चिमट्यांवर पेनानं वार लिहिले होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. दोन मास्क एकावर एक घालताना आतला सर्जिकल मास्क सात दिवस कोरड्या जागी ठेवून पाच वेळांपर्यंत वापरता येईल, असं त्याच सरकारी पत्रकात म्हटलेलं होतं. दवाखान्यात काम करणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या ताई मात्र दिवसाला दोन मास्क टाकत. सरासरी काढायची ती या दोघांना धरून.

मी सुरुवातीला दोन दिवसांना एक मास्क धरला. म्हणजे ३० माणसांचे दिवसाला १५, महिन्याला ४५०. पहिल्या हिशेबातले ४,३२० आठवा. इमारत तीच, माणसं तीच.

वजनाकडे वळू. निळ्या मास्कला तीन पदर असतात, तिन्ही पॉलिप्रोपिलीनचे. आपण दह्याचे डबे बघतो ना, त्याच जातीचं प्लास्टिक. मधला पदर मेल्टब्लोन, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोतानं ओढून केलेल्या अतिबारीक तंतूंचा. त्यात नाकापाशी एक तार आणि कानाला लवचीक दोऱ्या. हे सगळं मिळून वजन इतकं कमी की स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकच मास्क ठेवलात तर काटा कधी ३ दाखवेल, कधी ४. दहा एकदम ठेवा. आमचे ३२ ग्रॅम भरले, म्हणजे एकाचे ३.२. वजन नव्या मास्कचंच करा. वापरलेल्यात ओल असते, आणि तो हाताळायचंही कारण नाही.

४,३२० मास्कांचे १३.८ किलो होतात, ४५० चे जेमतेम दीड किलो. १८० माणसांच्या महिन्याच्या कचऱ्यात दीड किलो काहीच नाही. भाजीची देठं रोज त्याहून जास्त निघतात. म्हणून ताईंच्या तक्रारीसाठी वजनाचा रकाना कामाचा नाही. त्यांना प्रत्येक मास्क वेगळा उचलावा लागतो, तेव्हा त्यांच्यासाठी नगच मोजायचे.

आजारी घरांचं पान निराळं ठेवा. घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णाचे मास्क, हातमोजे पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जायचे. भीतीपोटी लोकांनी त्याच पिशवीत उरलेला भात, औषधांची खोकी, पाण्याच्या बाटल्याही भरल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला जुलै २०२० च्या सुधारित सूचनांमध्ये स्पष्ट करावं लागलं की उरलंसुरलं अन्न आणि वेष्टनं पिवळ्या पिशवीत घालू नका. त्यामुळे पिवळ्या पिशव्यांच्या वजनावरून मास्कांचा अंदाज कधीही बांधू नका.

आता पडताळा. पिशव्या उघडायच्या नाहीत. सामान्य घरांनी मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवावा, मग कापून टाकावा, अशी मंडळाची सूचना होती. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं आधीच रुजवली होती. आम्ही तीच उचलली. पुडीवर लाल ठिपका आणि शेजारी आत किती मास्क तो आकडा. एका घरानं चारच्या जागी आठ लिहिले, कारण प्रत्येक मास्क मधोमध कापला होता आणि तुकडे मोजले होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ७२ तासांमुळे सोमवारच्या पुडीत शुक्रवारचा मास्क असतो, तेव्हा दोन दिवस मोजून थांबू नका, पूर्ण आठवडा मोजा.

अंदाज आठवड्याला १०५ चा होता. पुड्यांवरच्या आकड्यांची बेरीज आली ७१. बाकीचे ३४ कुठे गेले? काही ऑफिसच्या टोपलीत, दोन फाटकापाशी गटाराच्या जाळीवर. तीन घरांनी आकडाच लिहिला नव्हता. पण मुख्य कारण खुंटी. लोक दोन दिवस सांगत होते आणि मास्क तीन दिवस चालवत होते. म्हणून मी वहीत एक आकडा न लिहिता महिन्याला ३०० ते ४५० असा पट्टा लिहिला. कमिटीतल्या एकांना हे पटलं नाही, त्यांना फलकावर लावायला एकच आकडा हवा होता.

महिन्याचं वर्ष करताना नुसतं बारानं गुणू नका. एप्रिल २०२० मध्ये मास्क सक्तीचा होता, पण माणसं घरात कोंडलेली होती आणि दुकानात निळे मास्क मिळत नव्हते. दिवाळीच्या खरेदीत वेगळं, लग्नसराईत वेगळं. निदान तीन वेगळे महिने मोजा.

आणि खरेदीवरून कचरा काढू नका. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातली मास्कसक्ती उठली. वापर त्या दिवसापासून ओसरला, कचरा नाही ओसरला. आमच्याकडे त्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पन्नासाचं न फोडलेलं खोकं निघालं, औषधांच्या डब्यातून नऊ एन-९५ आणि गाडीच्या कप्प्यातून चुरगळलेले सहा. शेजारीही थोडंफार तसंच. मी वही पुन्हा काढली आणि शेवटी एक रकाना वाढवला: घरात शिल्लक.