आधी विचारायला शिकू या

‘आज तारीख काय?’ स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, तपासताना हा प्रश्न हमखास विचारला जातो. वाशीम जिल्ह्यातील कामरगावसारख्या गावात शाळेची पायरी न चढलेल्या आजीला तारीख सांगता येईलच असे नाही. पण आषाढ लागला का, सोयाबीनची पेरणी आटोपली का, हे ती बिनचूक सांगू शकते. प्रश्न चुकला तर धडधाकट आजी रुग्ण ठरते. उलट खरा आजार ‘वय झालं’ म्हणून सुटून जातो. हा फरक ओळखणे हा नव्या संशोधकाचा पहिला धडा.

हरियाणातील बल्लभगड येथे १९९०च्या दशकात संशोधकांनी निरक्षर ज्येष्ठांसाठी प्रचलित इंग्रजी चाचणी हिंदीत नव्याने बेतली, ती याच कारणाने. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्थानिक भाषा जाणणाऱ्या, बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवले. मार्गदर्शनाला समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. ८१ कुटुंबांच्या या अभ्यासात रुग्णाचा सांभाळ करणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झाल्याचे दिसले. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळले. म्हणूनच वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मेंदूचा स्कॅन वाचायला शिकवतानाच ओसरीवर बसून वऱ्हाडी बोलणे ऐकायला शिकवणारे अनुभवी मार्गदर्शकही हवेत.